बीड, पिग आणि बहात्तरावे प्रकरण

कार्बन ४.१२, सिलिकॉन १.८६, मँगनीज ०.५४, फॉस्फरस ०.०९, गंधक ०.०३. परदेशी पुरवठादाराने पाठवलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवर एवढे पाच आकडे होते आणि खाली गोल शिक्का होता. माल होता दोन कंटेनर पिग आयर्न, मालक होते कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फाउंड्रीवाले, आणि न्हावा शेवा बंदरातून तो सोडवून देण्याचे काम माझ्याकडे होते. गेली बावीस वर्षे मी कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात जी कार्डावर, म्हणजे सीमाशुल्क विभागाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या ओळखपत्रावर, काम करतो. आयात मालाचे वर्गीकरण करणे, म्हणजे शुल्कपत्रकातील हजारो ओळींपैकी नेमक्या कोणत्या ओळीत तो माल बसतो हे ठरवणे, हा त्या कामातील मला सर्वांत आवडणारा भाग आहे. कच्च्या लोखंडाइतकी बिनगुंत्याची वस्तू दुसरी नसेल, असे मी बरीच वर्षे समजत होतो. त्या पाच आकड्यांनी तो समज घालवला.

आधी नावांचा घोळ निस्तरू. शाळेच्या पुस्तकात आपण याला ‘कच्चे लोखंड’ म्हणून शिकलो, पण फाउंड्रीत कोणाच्या तोंडी हा शब्द नसतो. तेथे ते ‘पिग’ असते, आणि पिग, भंगार व स्वतःच्याच ओतकामातले रनर-रायझर (साच्याच्या वाटांत थिजलेले जादा तुकडे) भट्टीत एकत्र वितळवून साच्यात ओतले की जे तयार होते ते ‘बीड’. बिडाचा तवा आणि बिडाची कढई आपल्या घरात असतात ती याच धातूची. झोतभट्टीतून निघणारा रस पूर्वी वाळूत पाडलेल्या एका मोठ्या चरात सोडत, आणि त्या चरातून काटकोनात फुटलेल्या लहान लहान खोबणींत तो थिजत असे. वरून पाहिल्यास ही रचना पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीसारखी दिसे, म्हणून इंग्रजीत त्या लादीला पिग हे नाव पडले. आता वाळूची जागा साखळीवरून फिरणाऱ्या धातूच्या साच्यांनी घेतली आहे, तरी लादी पिगच राहिली.

शुल्कपत्रक मात्र यांपैकी कोणत्याच नावावर विसंबत नाही. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ याच्या पहिल्या अनुसूचीत लोखंड आणि पोलाद ७२ व्या प्रकरणात येतात आणि पिग आयर्नसाठी ७२०१ हे शीर्ष आहे. ही मांडणी आपण १९८६ पासून ज्या पद्धतीवर आधारली, ती ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ जगभर १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. तिच्यातील पहिले सहा आकडे सर्व देशांत सारखे असतात आणि पुढचे आकडे ज्याचे त्याने जोडायचे असतात. निर्वचनाच्या सर्वसाधारण नियमांपैकी पहिलाच नियम असे सांगतो की वर्गीकरण शीर्षाच्या शब्दांवरून आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टिपांवरून करावे. आपल्या न्यायालयांनी अनेक खटल्यांत ‘बाजारात त्या वस्तूला काय म्हणतात’ ही कसोटी लावली आहे हे खरे. पण ती कायद्याने व्याख्या दिली नसेल तेव्हाची. व्याख्या दिलेली असेल तेथे बाजाराने गप्प बसायचे असते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका चुनखडी जातीच्या दगडाला संगमरवर म्हणावे की नाही हा प्रश्न आला होता, तेव्हाही शुल्कपत्रकातील शास्त्रीय अर्थ व्यापारी बोलीपेक्षा वरचढ ठरला. पिग आयर्नची व्याख्या तर ७२ व्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत, पहिल्याच खंडात दिलेली आहे.

ती व्याख्या अशी. लोखंड आणि कार्बनचा असा मिश्रधातू की जो ठोकून उपयोगी आकार देता येण्याजोगा नाही आणि ज्यात वजनाने २ टक्क्यांहून अधिक कार्बन आहे. त्यात क्रोमियम १० टक्क्यांपर्यंत, मँगनीज ६ टक्क्यांपर्यंत, फॉस्फरस ३ टक्क्यांपर्यंत, सिलिकॉन ८ टक्क्यांपर्यंत आणि इतर सर्व मूलद्रव्ये मिळून १० टक्क्यांपर्यंत चालतात. मँगनीज ६ च्या वर आणि ३० पर्यंत गेले की ते श्पीगेलआयझन, आणि त्याचे शीर्षही ७२०१ च आहे. ३० च्या वर गेले की माल ७२०२ मध्ये, फेरोमिश्रधातूंत जातो. सिलिकॉन ८ च्या वर, क्रोमियम १० च्या वर किंवा फॉस्फरस ३ च्या वर गेला तरी वाट तिकडेच जाते.

हे आकडे पहिल्यांदा वाचताना कोणा कारकुनाने सोयीसाठी घातल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांमागे भट्टीचा इतिहास आहे. २ टक्के कार्बनचीच गोष्ट घ्या. तापलेल्या लोखंडाच्या स्फटिकात जास्तीत जास्त जेवढा कार्बन विरघळू शकतो, ते प्रमाण २ टक्क्यांच्या किंचित वर आहे. त्याच्या अलीकडे पोलाद, जे तापवून ठोकता येते. पलीकडे बीड, जे हातोडा बसताच तडकते. हार्मोनाइज्ड पद्धतीपूर्वीच्या ब्रसेल्सच्या नामावलीत हीच सीमा १.९ टक्के होती, म्हणजे रेघ कोठे ओढायची याविषयी जाणकारांतही थोडी मागेपुढे झालेली आहे. फॉस्फरसची कथा अधिक रंजक आहे. ७२०१ च्या आत मिश्रधातू नसलेल्या पिगची विभागणी फॉस्फरसवरच होते: ०.५ टक्के किंवा कमी असेल तर ७२०१ १०, त्याहून अधिक असेल तर ७२०१ २०. हेन्री बेसेमरने १८५६ साली वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याची रीत जाहीर केली, परंतु त्या भट्टीच्या आम्लधर्मी अस्तरामुळे फॉस्फरस निघत नसे आणि पोलाद ठिसूळ होई. त्यामुळे कमी फॉस्फरसच्या खनिजाला सोन्याचे मोल आले, आणि फ्रान्सच्या ईशान्येकडील लॉरेनसारख्या प्रदेशातील भरपूर पण फॉस्फरसयुक्त खनिज पोलादाच्या दृष्टीने पडून राहिले. सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने १८७८-७९ च्या सुमारास अल्कधर्मी अस्तराची युक्ती काढली आणि तेच नकोसे खनिज हवेसे झाले. युरोपच्या बाजारात तेव्हापासून पिगचे दोन वेगळे माल झाले, कमी फॉस्फरसचा आणि अधिक फॉस्फरसचा. आज आपल्याकडे येणाऱ्या पिगमध्ये फॉस्फरस सहसा ०.५ च्या बराच खाली असतो आणि ७२०१ २० ही ओळ मी माझ्या आयुष्यात एकदाही वापरलेली नाही, तरी ती एखाद्या जुन्या वाड्यातील बंद दरवाजासारखी शुल्कपत्रकात टिकून आहे.

श्पीगेलआयझन हे नावही त्याच काळातले. जर्मन भाषेत श्पीगेल म्हणजे आरसा. हे लोखंड फोडले की आतले पृष्ठ आरशासारखे चकाकते. रॉबर्ट मशेटने बेसेमरच्या पोलादात ते घालून अतिरिक्त ऑक्सिजन आणि गंधकाचा त्रास आटोक्यात आणला. पुढे मँगनीजसाठी फेरोमँगनीज सर्रास मिळू लागले आणि श्पीगेल मागे पडले.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे त्या पाच आकड्यांकडे येतो. कार्बन ४.१२, म्हणजे २ च्या बराच वर, मँगनीज, सिलिकॉन, फॉस्फरस सर्व मर्यादेत, फॉस्फरस ०.०९, म्हणजे ०.५ च्या आत. म्हणून मी निःशंकपणे ७२०१ १० ००, ‘मिश्रधातू नसलेले पिग आयर्न’ असे लिहिले आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, दाखल केले. दोन दिवसांनी क्वेरी आली. आता मूल्यांकन फेसलेस झाल्यामुळे माल न्हावा शेव्याला असला तरी प्रश्न विचारणारा अधिकारी देशातल्या कोणत्याही कस्टम हाउसमध्ये बसलेला असतो, आणि तो अमुक साहेबांचा स्वभाव असा आहे म्हणून उत्तर अमुक प्रकारे द्यावे, ही आमची जुनी हुशारी निरुपयोगी ठरते. प्रश्न एका ओळीचा होता: क्रोमियम, निकेल, तांबे, टिटॅनियम इत्यादींचे प्रमाण सादर करावे आणि माल मिश्रधातू पिग आयर्न कसा नाही हे दाखवावे.

प्रश्न अगदी बिनचूक होता, ही गोष्ट मला जरा उशिरा पटली. ७२ व्या प्रकरणाच्या उपशीर्ष टिपांत मिश्रधातू पिग आयर्नची वेगळी व्याख्या आहे. क्रोमियम ०.२ टक्क्याहून अधिक, किंवा तांबे ०.३ हून अधिक, किंवा निकेल ०.३ हून अधिक, किंवा ॲल्युमिनियम, मॉलिब्डेनम, टिटॅनियम, टंगस्टन, व्हॅनेडियम यांपैकी कोणतेही एक ०.१ हून अधिक असेल, तर ते ७२०१ ५० मध्ये जाते. माझ्या सर्टिफिकेटवर या आठांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता. ते सर्टिफिकेट खोटे नव्हते आणि अपुरेही नव्हते; ते फाउंड्रीसाठी लिहिलेले होते. ओतकाम करणाऱ्याला कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस आणि गंधक एवढे कळले की त्याचा चार्ज, म्हणजे भट्टीत काय किती टाकायचे ते, ठरतो. शुल्कपत्रकाचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांची उत्तरे त्या कागदावर शोधत बसणे म्हणजे रेशनकार्डावर रक्तगट शोधण्यासारखे आहे.

सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १४४ खाली नमुना घेण्याचे ठरले. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, कंटेनर उघडला तेव्हा मी तेथे होतो. आतल्या लाद्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत असावी एवढ्या लांबीच्या, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर, आणि गंजामुळे विटकरी झालेल्या होत्या. त्यांतल्या काही मोडलेल्या होत्या आणि मोडलेल्या जागी आतला करडा, साखरेसारखा दाणेदार भाग दिसत होता. एका लादीला गिरमिटाने भोक पाडताना चकल्यांऐवजी काळा भुगा पडला. मी तो तळहातावर घेतला तेव्हा पेन्सिलीच्या शिशासारखा हात काळा झाला, कारण करड्या पिगमधला बहुतेक कार्बन मुक्त ग्रॅफाइटच्या रूपात असतो. यात एक मेख आहे. हा भुगा गोळा करताना ग्रॅफाइटची हलकी धूळ उडून गेली तर प्रयोगशाळेत कार्बन खऱ्यापेक्षा कमी भरतो. आणि ठिणगी पाडून मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरलाही करडा तुकडा चालत नाही, त्याला झटकन थंड करून पांढऱ्या पोताचा केलेला नाण्याएवढा नमुना लागतो. ४ टक्क्यांच्या मालात ही तूट २ च्या खाली नेईल एवढी नसते, परंतु प्रयोगशाळेचा आकडा आणि पुरवठादाराचा आकडा जुळला नाही की पुढची क्वेरी ठरलेली. म्हणून नमुना घेताना मी आता कागदाची पुडी नव्हे, झाकणाची बाटली पुढे करतो.

अहवाल आला. क्रोमियम, निकेल, तांबे नगण्य. टिटॅनियम ०.१२ टक्के. म्हणजे माल ७२०१ ५० मध्ये गेला.

मी फाउंड्रीवाल्यांना फोन केला. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. ते म्हणाले, “अहो, त्यात कुणी काही मिसळलंच न्हाई, तर अलॉय आलं कुठनं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मिश्रधातू म्हटले की कोणीतरी हेतुपुरस्सर काहीतरी मिसळले असावे असे आपल्याला वाटते. टिपेत मात्र ‘मिसळलेले’ असा शब्दच नाही; ‘असलेले’ एवढेच आहे. मूलद्रव्य खनिजातून आले, कोळशातून आले की भट्टीवाल्याने मुद्दाम टाकले, हे टीप विचारत नाही.

आणि गंमत अशी की येथे ते खरोखरच मुद्दाम टाकलेले निघाले, मात्र ते पिगसाठी नव्हते. पुरवठादाराला ईमेल पाठवला तेव्हा त्यांचे उत्तर आले की आमच्या झोतभट्टीचा तळ झिजत आला आहे, म्हणून आम्ही चार्जबरोबर थोडे इल्मेनाइट टाकतो. इल्मेनाइट हे लोह आणि टिटॅनियमचे खनिज. त्यातील काही टिटॅनियम रसात उतरते आणि भट्टीच्या तळाशी, जेथे विटा झिजल्या आहेत तेथे, कार्बाइड आणि नायट्राइडच्या रूपात त्याचा कठीण थर बसतो. भट्टीचे आयुष्य त्यामुळे वाढते. ही जगभर वापरली जाणारी जुनी रीत आहे. राहिलेले टिटॅनियम पिगमधून आपल्याकडे येते. म्हणजे परमुलखातल्या एका म्हाताऱ्या भट्टीच्या दुखण्यावरचे औषध आमच्या बिल ऑफ एन्ट्रीत उपशीर्ष बदलून गेले.

हेच इल्मेनाइट दुसऱ्या टोकालाही भेटते. पवनचक्कीचे हब आणि तत्सम एसजी आयर्नची (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा बिडाची) मोठी ओतकामे करणाऱ्या फाउंड्र्या अतिशुद्ध पिग मागवतात, ज्यात मँगनीज आणि फॉस्फरस अगदी शतांशात असतात. असे पिग कॅनडातील क्वेबेक प्रांतात सोरेल-ट्रेसी येथे आणि दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बे येथे तयार होते, आणि तयार करण्याची रीत म्हणजे विजेच्या भट्टीत इल्मेनाइट वितळवणे. तेथे टिटॅनियम मळीत (स्लॅगमध्ये) जाते, रंगाच्या कारखान्यांना ती मळी हवी असते, आणि खाली जे लोखंड उरते ते कमालीचे स्वच्छ असते. म्हणजे एकाच खनिजातून निघालेले एक पिग ७२०१ १० मध्ये बसते आणि त्याच खनिजाचा स्पर्श झालेले दुसरे ७२०१ ५० मध्ये जाते. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडच्या किनाऱ्यावर उन्हात चमकणारी काळी वाळू ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे खनिज अनवाणी तुडवलेले आहे.

आमच्या प्रकरणात शेवटी शुल्काचा एक रुपयाही वाढला नाही, कारण ७२०१ १० आणि ७२०१ ५० या दोन्हींवर दर सारखाच होता. मग एवढा आटापिटा कशासाठी, असे आप्पांनी विचारले आणि मला चटकन उत्तर देता आले नाही. पोलाद आयात देखरेख प्रणालीतील नोंदणी, जिला आम्ही सिम्स म्हणतो, आठ आकड्यांच्या क्रमांकावर झालेली होती, ती बदलावी लागली. कलम १४९ खाली बिल ऑफ एन्ट्रीत दुरुस्ती करून घ्यावी लागली. आणि या सगळ्यात अकरा दिवस गेले. जहाज कंपनीचे डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) आणि सीएफएसचे भाडे मिळून जे बिल आले ते आप्पांनी भरले, पण त्यानंतर महिनाभर माझा फोन तिसऱ्या रिंगनंतरच उचलला. मूळ चूक माझी होती. २०११ पासून कलम १७ प्रमाणे आयातदार स्वतःच मूल्यांकन करतो, म्हणजे वर्गीकरणाचा पहिला शब्द आमचा असतो, आणि आठ मूलद्रव्यांची माहिती नसताना मी तो शब्द लिहिला होता.

दर सारखा नसतो तेथे हीच चूक महागात पडते, आणि पिगच्या बाबतीत अशी जागा म्हणजे ७२०४, भंगार. लोखंडी भंगारावरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात माफ झाले आणि ती माफी पुढे वाढवत नेण्यात आली. पिगवर ते भरावे लागते. त्यामुळे दर काही महिन्यांनी कोणीतरी नवा आयातदार विचारतोच, “मोडलेले, गंजलेले, वाळू चिकटलेले पिग आहे, हे भंगारच ना?” नाही. मोडलेली लादी पिगच राहते. शीर्षात ‘लाद्या, ठोकळे किंवा इतर प्राथमिक रूपे’ असे शब्द आहेत आणि लादीचे चार तुकडे झाल्याने तिचे प्राथमिकपण जात नाही. भंगाराच्या शीर्षात ‘पुन्हा वितळवण्याचे भंगार इंगट’ (इंगट म्हणजे ओतीव ठोकळा) अशी एक ओळ आहे, ७२०४ ५० ००, आणि काही लोकांचे बोट तिच्याकडे जाते, कारण तिच्या व्याख्येत ‘पृष्ठभागावर उघड दोष असलेले, लाद्यांच्या रूपात ओबडधोबड ओतलेले’ असे वर्णन आहे. पण ते वाक्य तेथे संपत नाही. पुढे ‘आणि’ आहे: आणि पिग आयर्न, श्पीगेलआयझन किंवा फेरोमिश्रधातू यांच्या रासायनिक रचनेत न बसणारे. लादी कितीही कुरूप असली तरी तिच्यात ४ टक्के कार्बन असेल आणि बाकीची मूलद्रव्ये मर्यादेत असतील तर ती पिगच्या रचनेत बसते आणि म्हणून या ओळीत बसू शकत नाही. आमच्या क्षेत्रात ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन अव्ययांवर जेवढा पैसा इकडचा तिकडे झाला असेल तेवढा मोठमोठ्या नामांवरही झाला नसेल.

याउलट खरोखरचे बिडाचे भंगार, म्हणजे फुटलेली इंजिन ब्लॉके, ब्रेकड्रम, यंत्रांचे पाय, हे ७२०४ १० ०० मध्ये जाते, आणि त्यातही कार्बन पिगइतकाच असू शकतो. तेथे रचना नव्हे, वस्तूचा पूर्वजन्म पाहायचा असतो: ती कधीतरी वापरायची वस्तू होती आणि आता तशी वापरता येत नाही. भंगार म्हटले की जहाजात चढवण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र हा आणखी एक विषय येतो. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका कारखान्यात आयात भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, आणि भंगाराकडे पाहण्याची नजर तेव्हापासून कायमची बदलली. शुल्क वाचवण्यासाठी पिगला भंगार म्हणणाऱ्याने हे प्रमाणपत्र कोठून आणायचे याचाही विचार केलेला नसतो.

निकेल पिग आयर्न हे याहून अवघड जागेचे दुखणे. इंडोनेशिया आणि चीनमध्ये लॅटेराइट जातीच्या निकेल खनिजापासून ते तयार करतात आणि स्टेनलेस स्टीलवाले ते वापरतात. नावात पिग आयर्न आहे, व्यापारात त्याला फेरोनिकेलचा भाऊ समजतात, आणि टिपा वाचल्या तर उत्तर निकेलच्या टक्क्यावर अवलंबून आहे. फेरोमिश्रधातूच्या व्याख्येत निकेल ‘इतर मूलद्रव्यां’त मोडते आणि तेथे एकूण १० टक्क्यांहून अधिक लागते. निकेल १२ टक्के असेल तर प्रश्न नाही, माल ७२०२ ६० मध्ये फेरोनिकेल म्हणून जातो. निकेल ८ टक्के, कार्बन ३ टक्के आणि इतर काही विशेष नाही, असे असेल तर माझ्या वाचनाप्रमाणे तो मिश्रधातू पिग आयर्न, ७२०१ ५०. फेरोनिकेलवरील शुल्क मे २०२२ मध्ये अडीच टक्क्यांवरून शून्य झाले, नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा लागले आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात परत शून्य झाले. ज्या दिवशी एका ओळीवर शून्य लागते त्या दिवशी शेजारच्या ओळीतील मालालाही त्या ओळीत जाण्याची ओढ लागते. येथे मी ग्राहकाला एकच सांगतो: माल येण्यापूर्वी मुंबईतील अग्रिम अधिनिर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. तो निर्णय तीन वर्षे टिकतो आणि रात्रीची झोप लागते. नाहीतर कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत, आणि माहिती जाणूनबुजून दडवली असे ठरले तर पाच वर्षांपर्यंत, मागचा फरक व्याजासह मागता येतो.

‘ग्रॅन्युलेटेड पिग आयर्न’ हा त्यामानाने सोपा प्रकार. वितळलेला रस पाण्यात सोडून केलेले गोटे म्हणजे ग्रॅन्यूल, असे व्यापारी म्हणतो. शुल्कपत्रक म्हणते चाळणी आणा. ५ मिलिमीटरच्या जाळीतून ९० टक्के किंवा अधिक माल पडला पाहिजे आणि १ मिलिमीटरच्या जाळीतून ९० टक्क्यांहून कमी, तरच तो ७२०५ मधील ग्रॅन्यूल. सुपारीएवढे गोटे या चाळणीतून पडत नाहीत.

आयातीविषयी लिहीत असलो तरी एक गोष्ट निर्यातीची सांगतो, कारण पिगच्या बाबतीत भारत मुळात विकणारा देश आहे. गोव्यात आमोणा, कर्नाटकात कोप्पळ येथे झोतभट्ट्या आहेत आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा नेहमीचा पिग प्रामुख्याने देशातलाच. २०२२ च्या वसंतात युक्रेनच्या युद्धामुळे रशिया आणि युक्रेन या दोन मोठ्या विक्रेत्यांचा माल अडला आणि जगभर पिगचे भाव चढले. २२ मे २०२२ रोजी सरकारने ७२०१ वर १५ टक्के निर्यात शुल्क लावले आणि १९ नोव्हेंबर २०२२ पासून ते काढून घेतले. त्या सहा महिन्यांत, ज्या ओळीकडे एरवी कोणी ढुंकून पाहत नसे तिची व्याख्या निर्यातदार तोंडपाठ म्हणू लागले. युरोपला पाठवणाऱ्यांना तर आणखी एक पायरी असते. युरोपीय संघाने ७२०१ १० ची पुढे मँगनीजवर वाटणी केली आहे, ०.४ टक्के आणि ०.१ टक्के या दोन रेघांवर, आणि ०.४ किंवा त्याहून अधिक असेल तर सिलिकॉन १ टक्क्याच्या आत की बाहेर हेही पाहतात.

त्या अकरा दिवसांनंतर मी एक छोटा कोरा तक्ता तयार केला. कोणताही पिगचा व्यवहार ठरण्याआधी तो ग्राहकामार्फत पुरवठादाराला जातो. त्यात नेहमीची पाच मूलद्रव्ये, त्याखाली क्रोमियम, तांबे, निकेल, ॲल्युमिनियम, मॉलिब्डेनम, टिटॅनियम, टंगस्टन आणि व्हॅनेडियम, मग माल कोणत्या भट्टीतून निघाला आणि कोणत्या रूपात आहे, असे रकाने आहेत. पहिल्या वर्षी निम्मे पुरवठादार तो अर्धा कोरा परत पाठवत. आता आप्पाच माझ्याआधी विचारतात, कारण त्यांनी दोन वर्षांपूर्वी एसजी आयर्न सुरू केले आणि टिटॅनियम जास्त असेल तर ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, हे त्यांना एका नापास झालेल्या लॉटवरून कळले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नव्या मालाचा तक्ता पूर्ण भरून आला. टिटॅनियम ०.०२, व्हॅनेडियम ०.०१, निकेल ०.०४, तांबे ०.०६. क्रोमियम ०.१९. टिपेत ‘०.२ टक्क्याहून अधिक’ असे आहे, म्हणजे बरोबर ०.२० असले तरी माल ७२०१ १० मध्येच राहतो, पण ०.१९ आणि ०.२१ यांच्यामधले अंतर एका प्रयोगशाळेपासून दुसऱ्या प्रयोगशाळेपर्यंत सहज कापले जाते. जहाज न्हावा शेव्याला लागायला अजून नऊ दिवस आहेत. मी पुरवठादाराकडे त्याच लॉटच्या तीन वेगवेगळ्या लाद्यांचे क्रोमियम मागितले आहे.